उमेदवारी : वापरणाऱ्याच्या शेजारी बसून

मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी नागपूर सोडून गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही स्थानके मागे टाकीत दुर्गला पोहोचली की थोड्याच वेळात क्षितिजावर उंच धुराडी दिसू लागतात. हे भिलाई. 1955 च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्या वर्षी करार झाला त्या वर्षी हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात मोडत होता, ही गोष्ट आज पुष्कळांच्या स्मरणातून गेली आहे. पुढे 1956 मध्ये राजधानी भोपाळला गेली आणि 2000 मध्ये छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. भिलाईची धुराडी मात्र जागच्या जागीच राहिली.

पोलादाच्या गावात उमेदवारी हा शब्द नवा नाही. किंबहुना हे गाव उमेदवारीवरच उभे राहिले. कारखाना उभा राहत असताना भारतीय अभियंते सोव्हिएत संघातील पोलाद कारखान्यांत शिकावयास गेले. तिकडचे तज्ज्ञ इकडे आले. दोघांच्या मध्ये दुभाषे उभे असत. रशियन भाषा न जाणणाऱ्या तरुणाने भट्टीपुढे उभ्या असलेल्या उस्तादाचे हात पाहून शिकावे, आणि उस्तादाने शब्दांऐवजी बोटांनी समजावून द्यावे, असा तो काळ होता. वितळलेल्या लोखंडाचा रंग कोणत्या क्षणी कसा दिसतो हे पुस्तकात लिहिता येते. पण ते पुस्तकात वाचून ओळखता येत नाही. 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा झाला आणि या शिक्षणाला मुदत, विद्यावेतन व प्रमाणपत्र यांची चौकट मिळाली.

याच गावातील तरुण-तरुणी आता एका निराळ्याच उमेदवारीला निघू लागल्या आहेत. दुर्ग-भिलाई परिसरात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. 2016 मध्ये आय. आय. टी. भिलाई ही संस्थाही स्थापन झाली. तेथे शिकणारा विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यास, हैदराबादेस किंवा बंगळूरूस जातो, अथवा घरच्या खोलीतच संगणकापुढे बसतो, आणि दोन-तीन महिने ‘युजर एक्स्पीरिअन्स डिझायनर’ या नावाने काम करतो. हे काम कसले, असे घरातील वडीलधाऱ्यांनी विचारले म्हणजे त्याला पटकन उत्तर देता येत नाही. तो चित्रे काढतो काय? काही अंशी. तो यंत्र बनवितो काय? नाही. मग त्याला पैसे कशाचे मिळतात?

उत्तर असे देता येईल : एखादी वस्तू, यंत्र, अर्ज किंवा मोबाइलवरील पडदा हाताळणाऱ्या माणसाला काय वाटते, तो कोठे अडतो, कोठे चुकतो, कोठे कंटाळून निघून जातो, हे आधी शोधावयाचे आणि त्याप्रमाणे वस्तूची रचना बदलावयाची, हा त्याचा व्यवसाय. हे नाव तसे अलीकडचे. 1993 मध्ये डोनाल्ड नॉर्मन हे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅपल या संगणक कंपनीत गेले तेव्हा त्यांनी आपल्या पदासाठी हे शब्द निवडले, आणि पुढे ते जगभर रूढ झाले. पण विचार जुना आहे. 1958 मध्ये चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला रूपरचनेच्या शिक्षणाविषयी एक अहवाल सादर केला. भारतात पाहिलेल्या सर्व वस्तूंमध्ये त्यांना अतिशय भावला तो साधा लोटा. कमरेवर, डोक्यावर वा हातात तो कसा पेलला जातो, रिकामा असता आणि भरलेला असता त्याचा तोल कोठे राहतो, त्यातून धार कशी पडते, तो आतून घासता येतो की नाही, असे प्रश्न त्यांनी त्या लोट्याविषयी मांडले. त्या अहवालानंतर 1961 मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. 1969 मध्ये मुंबईच्या आय. आय. टी.त औद्योगिक रूपरचनेचे केंद्र सुरू झाले. त्याच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता.

या व्यवसायाचा पाया मात्र कलाशाळेत नव्हे, रणांगणावर घातला गेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 ही बाँबफेकी विमाने सुखरूप धावपट्टीवर उतरत आणि उतरल्यावर मोडत. वैमानिक पंखांच्या झडपा मिटवावयास जाई आणि चुकून चाके मिटवून टाकी. विमान पोटावर बसे. ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा पडे आणि प्रकरण मिटे. अल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकाच्या जागी बसून पाहिले. त्याला असे आढळले की चाकांची आणि झडपांची कळ एकमेकींच्या शेजारी असून दिसावयास अगदी सारखी होती. दिवसभर लढून थकलेल्या माणसाने अंधारात हात घातला तर त्याला एक कोणती आणि दुसरी कोणती हे कळावे कसे? चापानिसने चाकांच्या कळीला रबरी चाकाचा आकार दिला आणि झडपांच्या कळीला पाचरीचा. हातालाच भेद कळू लागला. आजही विमानातील चाकांच्या कळीची मूठ चाकासारखी गोल असते. 1947 मध्ये पॉल फिट्स व जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदल्या गेलेल्या 460 घटना तपासल्या, तेव्हा त्यांपैकी निम्म्याच्या घरात घटना एका कळीऐवजी दुसरी ओढली गेल्याच्या निघाल्या.

नव्या उमेदवाराला जो पहिला धडा गिरवावा लागतो तो हाच, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. कोणी चुकला की आपली पहिली प्रतिक्रिया ‘त्याला कळत नाही’ अशी असते. शिकलेल्या माणसाची तर विशेषच. सरकारी कचेरीत ‘अर्ज अपूर्ण, सबब परत’ हा शेरा मारणे किती सोयीचे असते, हे त्या कचेऱ्यांत आयुष्य घालविलेल्या माणसांना ठाऊक आहे. शंभर अर्जांपैकी चाळीस एकाच रकान्यात अपूर्ण येत असतील, तर चाळीस माणसे मूर्ख आहेत असे मानावयाचे, की तो रकानाच नीट नाही असे मानावयाचे? फाईल पहिला पक्ष घेते. रूपरचनाकाराने दुसरा पक्ष घ्यावा, अशी अपेक्षा असते.

भिलाईसारख्या गावात वाढलेल्या तरुणाला हे पटवून देण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पोलादाच्या कारखान्यात नियंत्रणकक्ष असतो, आणि तेथे बसलेला माणूस भट्टी डोळ्यांनी पाहत नाही. तो दिवे, काटे आणि पडदे पाहतो. भट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तेव्हा यंत्र जे सांगेल तेच माणसाचे ज्ञान. आणि यंत्र काय सांगते हे फार काळजीने ठरवावे लागते. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड या अणुवीजकेंद्रात एक झडप उघडी राहिली. नियंत्रणफलकावरील दिवा ती बंद झाल्याचे दाखवीत होता. वस्तुतः त्या दिव्याला झडपेची स्थिती माहीतच नव्हती. झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला, एवढेच तो सांगत होता. हुकूम सुटला म्हणजे काम झाले, असे तेथील माणसे दोन तासांहून अधिक काळ समजून चालली, आणि अणुभट्टीचा गाभा बराचसा वितळला. राज्यकारभारातही असे दिवे पुष्कळ असतात. पण तो विषय निराळा.

दिव्यांचीच आणखी एक गोष्ट. शहरातील मुलाला तांबडा म्हणजे थांबा आणि हिरवा म्हणजे चला, हे चौकातल्या सिग्नलने शिकविलेले असते. विजेच्या स्विचगियरच्या फलकावर आपल्याकडील रूढी नेमकी उलट दिसते : तांबडा दिवा म्हणजे प्रवाह चालू आहे, आणि हिरवा म्हणजे तो तोडलेला आहे. त्यामागे तर्क आहे. वीज वाहते तेथे धोका, ती तुटली तेथे निर्भय. समजा, एखाद्या उमेदवाराने संगणकावर बसल्या बसल्या ‘चालू’साठी हिरवा रंग योजला. पडदा मोठा सुरेख दिसेल. पण वीस वर्षे त्या फलकापुढे काढलेल्या तंत्रज्ञाला तो पडदा खोटे सांगेल, आणि त्यावर विश्वासून तो तारेला हात लावील. त्या तंत्रज्ञाला आधी विचारले असते तर दोन मिनिटांत हे कळले असते.

म्हणून या व्यवसायात विचारण्याचे आणि पाहण्याचे एक शास्त्रच बनले आहे. 1990 नंतरच्या दशकात कॅरेन होल्ट्झब्लॅट व ह्यू बायर यांनी त्याची एक पद्धत मांडली, आणि तिचा आधार गुरू-शिष्याचे नाते हा आहे. रूपरचनाकाराने तज्ज्ञ म्हणून जावयाचे नाही. ज्याच्यासाठी वस्तू घडवावयाची त्या माणसाचा उमेदवार होऊन त्याच्या कामाच्या जागी जावयाचे, शेजारी बसावयाचे, आणि तो हाताने करीत असता ‘हे असे का केलेत?’ एवढेच विचारावयाचे. म्हणजे कंपनीत उमेदवारी करणारा विद्यार्थी दुहेरी उमेदवार ठरतो. वरिष्ठांचा तर तो असतोच. आणि कोठाराची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाचा, रुग्णालयातील परिचारिकेचा, तिकीट काढणाऱ्या प्रवाशाचाही तो असतो. भट्टीपुढे उस्तादाचे हात पाहणाऱ्या 1959 च्या तरुणाहून त्याची स्थिती फारशी निराळी नाही.

शेजारी बसणे ऐकावयास सोपे, पण करावयास कठीण. माणसे विचारले असता एक सांगतात आणि हातांनी दुसरेच करतात. त्यात खोटेपणा नसतो, हातांची सवय त्यांना स्वतःलाच दिसत नाही. कोठाराचा कारकून सांगेल की सर्व नोंदी संगणकातच होतात. तासभर बसले तर दिसेल की त्याच्या खिशात एक छोटी वही आहे, नोंद प्रथम तिच्यात होते आणि संध्याकाळी ती संगणकात चढते. ती वही का लागते? कारण माल उतरत असताना संगणक दोन खोल्या पलीकडे असतो. हे कोणत्याही प्रश्नावलीत आले नसते. दुसरी अडचण उमेदवाराची स्वतःची. वापरणारा अडखळला की त्याची बोटे शिवशिवतात. ‘अहो, ते बटण वर आहे’ असे तो सांगून टाकतो. सांगितले की परीक्षा संपली. घरोघरी पाठविलेल्या वस्तूबरोबर तिचा रचनाकार पाठविता येत नाही. तेव्हा दातांवर दात ठेवून गप्प बसावयाचे, आणि माणूस काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावयाचे. ‘वापरणाऱ्यास पडदा क्लिष्ट वाटला’ अशी टिपणी निरुपयोगी असते. ‘हे दाबले तर माझे पैसे जातील का?’ हे त्याचे वाक्य मोलाचे.

किती जणांच्या शेजारी बसावयाचे, हाही प्रश्न येतो. जेकब नीलसन यांचा या क्षेत्रातील एक प्रसिद्ध हिशेब असा : एका माणसाच्या चाचणीत रचनेतील सुमारे 31 टक्के दोष उघडे पडतात असे धरले, तर पाच माणसांत ते प्रमाण 85 टक्क्यांच्या जवळ जाते, पुढच्या प्रत्येक माणसागणिक नवे असे थोडेच हाती लागते. तेव्हा पंधरा जणांची एक मोठी परीक्षा घेण्याऐवजी पाच-पाच जणांच्या तीन घ्याव्या आणि मधल्या वेळात दुरुस्ती करावी. सल्ला व्यवहारी आहे. पण त्यात एक गृहीत आहे, ते म्हणजे ही पाच माणसे साधारण एकाच जातकुळीची असावीत. भिलाईत हे गृहीत टिकत नाही. पोलादाच्या ओढीने येथे आंध्र, केरळ, बंगाल, ओडिशा, पंजाब, बिहार आणि महाराष्ट्र येथून माणसे आली, आणि मूळचे छत्तीसगडी तर होतेच. येथील एकाच रांगेतील पाच माणसे पाच निरनिराळ्या भाषांत विचार करीत असतात.

याचे एक लहानसे प्रात्यक्षिक नावाच्या रकान्यात दिसते. परदेशी धाटणीचा पडदा पहिले नाव आणि शेवटचे नाव मागतो. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भागांत नाव सांगतो. तमिळ माणसाच्या नावापुढे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. ते आडनाव नव्हे. तेलुगू घराण्याचे नाव पुष्कळदा आरंभी येते. आणि खेड्यातील एखाद्या वृद्धेला एकच नाव असते. तिच्याकडे दुसऱ्या रकान्यात लिहावयाला काहीच नसते. पडदा मात्र तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मग कोणी तेथे टिंब घालतो, कोणी तेच नाव पुन्हा लिहितो, आणि दोन वर्षांनी एका कागदावरील नाव दुसऱ्या कागदावरील नावाशी जुळत नाही म्हणून त्या वृद्धेला हेलपाटे पडतात. ज्याने तो रकाना आखला त्याला हे कधीच कळत नाही.

भारताने ही विद्या नावाशिवाय पूर्वीच आचरिली होती, हेही सांगितले पाहिजे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात साक्षरतेचे प्रमाण सुमारे 18 टक्के होते. तेव्हा प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावण्यात आले. मतदाराने आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकावयाचा, काही लिहावयाचे नाही. पुढे मतदानयंत्र आले. त्याच्या रूपरचनेत मुंबईच्या आय. आय. टी.तील अध्यापकांचा हात होता. चिन्हासमोरचे निळे बटण, दाबताच लागणारा तांबडा दिवा आणि लांब वाजणारा आवाज : डोळ्यांना आणि कानांना मत पोहोचल्याची खूण मिळते. याच संस्थेतून 2013 च्या सुमारास मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ हा कळफलक निघाला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत, आणि एखाद्या व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती का, कि, की, कु असे चक्र उमटते. टंकलेखन न शिकलेल्या माणसालाही जे ठाऊक असते ते बाराखडीच; तिच्यावरच ही रचना उभी केली आहे.

उमेदवारीतील दुसरा मोठा धडा कागदाचा आहे. नवशिक्या विद्यार्थी संगणकावर पहिल्याच दिवशी रंगीत, झळझळीत पडदा तयार करतो आणि त्याच्या प्रेमात पडतो. जाणता वरिष्ठ त्याला कागद आणि पेन्सिल देतो. ओतशाळेतील कारागिराला हे सहज समजेल : ओतीव कामाआधी लाकडाचा नमुना करतात, नमुन्यातील चूक रंध्याने जाते, ओतलेल्या लोखंडातील चूक भंगारात जाते. कागदावरील पडदा दाखविला तर समोरचा माणूस मोकळेपणाने दोष काढतो, कारण त्यावर कोणाचे फारसे कष्ट खर्ची पडले आहेत असे त्याला वाटत नाही. सुबक वस्तूपुढे तो भिडस्त होतो आणि ‘छान आहे’ म्हणून मोकळा होतो. दहा रेखाटनांपैकी नऊ टाकावी लागतात, आणि दहाव्यातलीही अर्धी मांडणी अभियंते ‘वेळ नाही’ म्हणून गाळतात. याचे दुःख पहिल्या उमेदवारीत फार होते.

विद्यावेतनाविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. कारखान्यातील शिकाऊ उमेदवाराला कायद्याने जे मिळते ते संगणकाच्या क्षेत्रातील सुट्टीपुरत्या उमेदवाराला दरवेळी मिळतेच असे नाही. काही ठिकाणी अनुभव हेच वेतन, असे सांगण्यात येते. ज्याच्या घरची परिस्थिती बरी त्याला असा अनुभव परवडतो. ज्याचे वडील कंत्राटी कामगार आहेत त्याला परवडत नाही. परिणाम असा की कष्टकऱ्यांच्या घरातील ज्या मुलांना अडखळणाऱ्या माणसाचे दुःख जवळून ठाऊक असते, तीच मुले या व्यवसायाच्या दाराबाहेर राहतात. ही उणीव पडद्यांवर उमटल्यावाचून राहत नाही.

ती कोठे उमटते ते भिलाईत कोणत्याही सेवाकेंद्रावर उभे राहिले असता दिसू शकते. निवृत्तिवेतन चालू राहावयाचे तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ ही योजना आली, आणि साहेबापुढे हजर राहण्याऐवजी यंत्रावर बोट टेकवून हा दाखला मिळू लागला. सोय खरोखरच मोठी होती. पण आयुष्यभर हातांनी कष्ट केलेल्या माणसाच्या बोटांवरील रेषा झिजतात, म्हातारपणी त्वचा कोरडी पडते, आणि यंत्र त्या माणसाला ओळखत नाही. ज्याने तारुण्य भट्टीपुढे घालविले त्याला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावयास पुन्हा पुन्हा बोट टेकवावे लागते. कोणी बोट पुसून पाहतो, कोणी दुसरे बोट लावून पाहतो. 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची पद्धत आली आणि पुष्कळांची सुटका झाली. तीत मोबाइल चेहऱ्यासमोर धरावयाचा आणि पडदा सांगेल तेव्हा डोळे मिचकावयाचे. ज्याची दृष्टी अधू झाली आहे त्याला ही सूचना वाचता येत नाही. मग रांगेतला मागचा माणूस पुढे वाकतो आणि त्यांच्या कानाशी, त्यांच्या भाषेत सांगतो, ‘आता मिचकावा.’